पोटातले जंतू आणि त्यांची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाचं पाणी विहिरींत आणि फुटक्या जलवाहिन्यांत शिरायला लागलं की हे प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अँटिबायोटिकच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या वय, वजन, मूत्रपिंडाचं काम आणि गरोदरपण बघून ठरतात, आणि त्या वाचून कुणी मेडिकल गाठावं असा या पानाचा हेतू नाही.

1. जुलाब जंतूंमुळेच होतात ना? मग डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत?

जंतूंमुळे होतात हे खरं, पण बहुतेक वेळा ते जंतू म्हणजे विषाणू असतात. लहान मुलांत रोटा, सगळ्याच वयात नोरो. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. बॅक्टेरियामुळे झालेले साधे पातळ जुलाबही निरोगी माणसात तीन-चार दिवसांत आपले आपण थांबतात.

अँटिबायोटिक खरोखर लागतं ते मोजक्या ठिकाणी: तापासह रक्ती आव, जोराचा कॉलरा, टायफॉइड, आणि रुग्ण तान्हं बाळ असेल किंवा केमोथेरपीसारख्या कारणाने त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तेव्हा.

काउंटरवर नुसती 'जुलाबाची गोळी' मागितली की अनेकदा दोन औषधं एकत्र असलेली गोळी हातात पडते. एक बॅक्टेरियावर, दुसरं अमिबावर. निदान न करता दोन्हीकडे खडा टाकायचा हा प्रकार. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, ते तसेही थांबणारच होते, पण श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही तीच सुचवली जाते.

2. गॅस्ट्रो, आव, कॉलरा, टायफॉइड… यातलं आपल्याला काय झालंय हे कसं ओळखायचं?

घरी अंदाज बांधता येतो, निदान नाही. अंदाजासाठी शौचाकडे बघा. लहान आतड्यात बिघाड असला की जुलाब पाण्यासारखे, भरपूर, आणि पोटात फारशी कळ नाही. मोठं आतडं सुजलं की उलटं होतं: शौच थोडंथोडं, पण मुरडा जबर, सारखं कुंथावं लागतं, चिकट आव पडते, कधी रक्त. ही रक्ती आव बहुतेकदा शिगेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर या बॅक्टेरियांची असते. अमिबाही हे करू शकतो, पण अमिबा बॅक्टेरिया नाही आणि त्याचं औषध वेगळं असतं.

कॉलऱ्याचं शौच तांदळाच्या धुवणासारखं दिसतं (प्रश्न 6). टायफॉइड पोटातून शिरतो, पण तो मुळात तापाचा आजार आहे. त्यात जुलाब असतीलच असं नाही, कित्येकांना तर बद्धकोष्ठ होतं (प्रश्न 8).

3. ओआरएस कसं द्यायचं? पाकीट नसेल तर? टेट्रापॅकमधलं चालतं का?

एक लिटरचं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा स्वच्छ पाण्यात एकदम घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घालू नका. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका होतो. लहान पाकिटं 200 मिलीची असतात, पाठीवर लिहिलेलं वाचा. तयार पाणी 24 तासांनी टाकून द्या आणि परत उकळू नका.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने सुरू करा. 'उलटी होते म्हणून काहीच दिलं नाही' हे सर्रास ऐकू येतं, आणि मूल सुकतं ते त्यामुळे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांना सोबत झिंक: सहा महिन्यांच्या वर रोज 20 मिलिग्रॅम, त्याआधी 10, जुलाब थांबले तरी पूर्ण 10 ते 14 दिवस.

टेट्रापॅकमधली बरीचशी 'ओआरएस' म्हणून विकली जाणारी पेयं गोड सरबतं होती. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तरीही खोक्याच्या पाठीवर सूत्र आहे का ते बघाच.

हे पाणी फार साधं वाटतं म्हणून लोक सलाइनचा आग्रह धरतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिंपांत पाणी तयार केलं आणि नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

4. दवाखान्यात कधी न्यायचं?

सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, मूल ग्लानीत आहे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाते, शौचात रक्त, सतत उलट्या, जोराचा ताप, पोट दगडासारखं कडक. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले वयस्कर यांच्या बाबतीत एवढीही वाट बघू नका.

5. उद्या प्रवास आहे. जुलाब थांबवायची गोळी घेऊ का?

लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावतं, जंतूंना काही करत नाही. प्रौढ माणूस, पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही: एखाद्या दिवसाच्या प्रवासापुरती हरकत नाही. ताप किंवा रक्त असेल तर अजिबात नको, कारण जे बाहेर पडायला हवं ते आतच कोंडलं जातं. लहान मुलांना कधीही देऊ नका.

6. गावात कॉलऱ्याचा रुग्ण सापडला. आता आम्ही सगळ्यांनी आधीच गोळ्या घ्यायच्या का?

नाही. सरसकट गोळ्या वाटल्याने साथ आटोक्यात येत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात. साथ थांबते ती पाण्याची गळती शोधून. शौच ज्या गटारात जातं ते गटार आणि नळाची पाइपलाइन एकत्र कुठे येतात, हा पहिला प्रश्न. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून पाण्याचं शुद्धीकरण आणि क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट. तपासणीच्या नळीत पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीत ही तपासणी रोज होते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याला भोक पाडत नाही की रक्तात शिरत नाही. तो एक विष सोडतो आणि आतडं पाणी ओतत राहतं. ते विष 1959 मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. तोवर हा आजार नेमका मारतो कसा हे कुणाला सांगता येत नव्हतं. जोराच्या कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. म्हणून आधी पाणी, गरज पडली तर शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाइन, आणि त्यानंतर अँटिबायोटिक. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनच्या एका डोसाने जुलाबांचे दिवस आणि जाणारं पाणी दोन्ही कमी होतात. पण हे औषध पाण्याच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

7. लग्नात जेवलो आणि तीन तासांत पंधरा-वीस जणांना उलट्या सुरू झाल्या. हे इन्फेक्शन का?

बहुधा नाही. इतक्या लवकर होतं ते अन्नात आधीच तयार झालेल्या विषामुळे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून बासुंदी, श्रीखंड, पनीर अशा पदार्थांत जातो, उन्हात वाढतो आणि विष सोडतो. अन्न परत गरम केलं तर जंतू मरतो, विष तसंच राहतं. रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी फोडणी दिली तर बॅसिलस सेरिअस हेच करतो. अँटिबायोटिकचा इथे काहीही उपयोग नाही. ओआरएस द्या, एक दिवसात उतार पडतो. बारा तास ते तीन दिवसांनी जुलाब आणि ताप आला, तर मात्र जंतू पोटात जाऊन वाढले असं समजा.

8. विडाल पॉझिटिव्ह आली. म्हणजे टायफॉइडच ना?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा विस्ताराने.

विडाल ही 1896 सालची चाचणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्याकडे पूर्वी कधीतरी टायफॉइडचा किंवा त्याच्या भाऊबंद जंतूंचा संसर्ग होऊन गेलेले लोक भरपूर आहेत, त्यांची विडाल डेंगी किंवा मलेरियाच्या तापातही 'पॉझिटिव्ह' दिसू शकते. आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्हही येते. तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल करून, तिच्यावर दहा दिवसांचं अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. माझं मत कडक वाटेल, पण ही चाचणी नेहमीच्या वापरातून गेली तर रुग्णांचं काही बिघडणार नाही.

खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. तेही शंभर टक्के नाही, साधारण दहातल्या पाच-सहा रुग्णांतच जंतू सापडतो. पण सापडला की कोणतं औषध त्याच्यावर चालेल हेही कळतं, आणि आज खरी गरज त्याचीच आहे (प्रश्न 9).

9. टायफॉइडचं औषध सुरू होऊन तीन दिवस झाले, ताप उतरत नाही. औषध बदलायचं का?

थांबा. योग्य औषध चालू असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. चढ रोज थोडा कमी होतोय, भूक परत येतेय, तर गाडी रुळावर आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलायचा, पाचव्या दिवशी आणखी एक, आणि प्रत्येकाने नवं अँटिबायोटिक लिहायचं, यात शेवटी कशाने बरं वाटलं हे कुणालाच कळत नाही.

सातव्या दिवशीही ताप तसाच असेल तर मात्र विचार हवा. एक तर निदान चुकलंय, नाहीतर जंतू औषधाला दाद देत नाही. टायफॉइडवर 1948 पासून क्लोरॅम्फेनिकॉल वापरलं गेलं. 1972 मध्ये केरळात कोळिकोडला त्याला न जुमानणाऱ्या जंतूची साथ आली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, आज भारतातल्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर त्याचाही भरवसा राहिलेला नाही. सध्या सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन यांच्यावर काम चालतं. 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा प्रकार पसरला. म्हणून नुकतेच तिकडून आलेल्या रुग्णाने ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप उतरता उतरता अचानक पोटात भयंकर दुखायला लागलं किंवा काळं शौच झालं, तर आतड्याला भोक पडलेलं असू शकतं किंवा आत रक्तस्राव होत असू शकतो. तिथे तासाचाही उशीर नको.

10. टायफॉइडमध्ये फक्त साबुदाण्याची पेज आणि बिस्किटं द्यायची असं आजी म्हणतात. बरोबर का?

आजींच्या काळात औषध नव्हतं. मुदतीचा ताप तीन-चार आठवडे चालायचा आणि आतडं फुटायची भीती मोठी असायची. आता मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, ताक, केळं, उकडलेलं अंडं, जे पचेल ते द्या. उपाशी ठेवल्याने अशक्तपणा महिनाभर रेंगाळतो. जुलाब झालेल्या मुलांनाही हेच लागू, आणि अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही.

11. मी बरा झालो. तरी माझ्यामुळे घरच्यांना टायफॉइड होऊ शकतो का?

काही आठवडे होऊ शकतो, शौचातून जंतू जात राहतात. थोड्या लोकांत, शंभरात एक ते पाच जणांत, जंतू पित्ताशयात ठाण मांडतो आणि वर्षभराहून अधिक काळ बाहेर पडत राहतो. पित्ताचे खडे असतील तर ही शक्यता वाढते. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण ती जिथे कामाला गेली तिथल्या घरांत टायफॉइड झाला. 1915 पासून 1938 मध्ये मरेपर्यंत तिला एका बेटावर एकटं ठेवलं गेलं. आज असं कुणाला कोंडावं लागत नाही. लांब कोर्स आणि गरज पडल्यास पित्ताशय काढणं, हे उपाय आहेत. पण खानावळ, डबे किंवा पाळणाघर चालवत असाल तर शौचाची कल्चर तपासणी निगेटिव्ह आल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावू नका.

12. टायफॉइडची लस घ्यावी का?

मुलांना द्यावी असं माझं मत. नवी काँज्युगेट लस नऊ महिन्यांनंतर केव्हाही एका डोसात देता येते. महाराष्ट्राचा यात एक मान आहे: 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना ती मोहीम काढून दिली, देशातली सरकारी पातळीवरची ती पहिलीच मोहीम. लाखाहून अधिक मुलांना डोस मिळाला. बाकीच्यांना सध्या खाजगीत विकतच घ्यावी लागते. लस घेतली म्हणून नळाचं पाणी न उकळता प्यायची सूट मिळत नाही. परदेशात वाढलेली आणि सुट्टीत आजोळी येणारी मुलं या पाण्याला अनोळखी असतात, त्यांनी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

13. अल्सर तिखटामुळे आणि टेन्शनमुळे होतो ना? मग अँटिबायोटिक कशाला?

तिखटाने जळजळ वाढते. व्रण होतो तो मुख्यतः दोन कारणांनी: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा बॅक्टेरिया आणि अंगदुखीच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हे मांडलं तेव्हा कुणी मानेना. आम्लात जंतू जगेलच कसा, असा आक्षेप होता. 1984 मध्ये मार्शलने त्या जंतूचं पाणी स्वतः प्यायलं, काही दिवसांत जठराला सूज आली, आणि दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात जंतू सापडला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू आहे आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. म्हणून 'सगळ्या घराची तपासणी करून घ्या' या सल्ल्याला भुलू नका. व्रण असेल, घरात जठराचा कॅन्सर झालेला असेल, लोह कमी होण्याचं कारण सापडत नसेल, किंवा ॲस्पिरिन कायमचं सुरू करायचं असेल, तर तपासणी करावी. सापडला तर औषध पूर्ण घ्यावं.

14. एच. पायलोरीचा कोर्स अर्ध्यावर सोडला, तोंड कडू होत होतं. आणि रक्ताची तपासणी अजून पॉझिटिव्ह आहे.

दोन वेगळ्या गोष्टी. रक्तातली प्रतिद्रव्यं जंतू गेल्यावरही महिनोन्महिने राहतात, त्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची पीपीआय गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही 'नाही' असा निकाल येतो. ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

अर्धा कोर्स मात्र महागात पडतो. हा जंतू जठराच्या चिकट थरात दडतो, म्हणून तीन-चार औषधं एकदम आणि बहुधा 14 दिवस द्यावी लागतात. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन्हींना प्रतिकार बराच आहे, त्यामुळे पहिली संधी वाया गेली की दुसरी अवघड होते. तोंड कडू किंवा धातूसारखं लागणं मेट्रोनिडाझोलमुळे, शौच काळं होणं कोर्समधल्याच बिस्मथ या औषधामुळे. दोन्ही औषध संपलं की जातं. या दिवसांत दारू बंद.

15. दाताच्या दुखण्यावर अँटिबायोटिक घेतलं आणि आता जुलाब लागले. आणखी कोणतं अँटिबायोटिक घेऊ?

आधी चालू असलेलं थांबवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. बहुतेकांचे जुलाब तेवढ्यावर थांबतात. काहींत, विशेषतः वयस्कर आणि रुग्णालयात राहून आलेल्यांत, चांगले जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल हा बॅक्टेरिया डोकं वर काढतो: दिवसाला अनेक पातळ शौच, ताप, पोटफुगी. याची तपासणी शौचावर होते आणि औषध म्हणजे तोंडाने घ्यायचं व्हँकोमायसिन. हेच औषध शिरेतून दिलं तर आतड्यापर्यंत पोचत नाही. घरात हात साबण-पाण्यानेच धुवा, याचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

16. जुलाब बरे झाले आणि दहा दिवसांनी पायांतली ताकद गेली. पुण्यात झालं तेच का हे?

शक्यता आहे, आत्ताच रुग्णालयात जा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले. संशयितांचा आकडा 200 च्या पुढे गेला आणि काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय मिळाला. या जंतूशी लढताना तयार झालेली प्रतिद्रव्यं चुकून आपल्याच नसांवर हल्ला करतात. सुरुवात मुंग्या आणि पायांच्या अशक्तपणाने, मग तो वर चढतो. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर अतिदक्षता विभाग लागतो. उपचार इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा. या टप्प्यावर अँटिबायोटिकने नसा सुधारत नाहीत.

कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर हे फार थोड्यांना होतं, घाबरून जुलाबावर अँटिबायोटिक खाऊ नका. काळजी घ्यायची ती स्वयंपाकघरात: कच्चं चिकन नळाखाली धुवू नका, त्याचे शिंतोडे कोशिंबिरीवर जातात, आणि त्याची सुरी-पाट वेगळे ठेवा.

17. सहा महिने पोट दुखतंय, वजन उतरलंय, जंतांचं आणि आवेचं औषध घेऊन झालं. आता?

आता गोळ्या बदलणं थांबवा. आतड्याचा क्षयरोग असाच येतो: उजव्या बाजूला खाली दुखणं, संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही, मधेच जुलाब मधेच अडथळा. छातीचा एक्स-रे साफ असला तरी तो असू शकतो. दुर्बिणीने तपासून तुकडा घ्यावा लागतो, कारण क्रोन नावाचा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि त्याला स्टिरॉइड देतात. क्षयरोग असताना स्टिरॉइड गेलं तर आग भडकते. क्षयरोग ठरला तर बहुधा सहा महिन्यांचं औषध, सरकारी केंद्रात मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये.

18. गरोदर आहे. टायफॉइड निघाला, औषध घेतलं तर बाळाला काही होईल का?

न घेतलं तर जास्त होईल. सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन गरोदरपणात वापरतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आणि डॉक्सिसायक्लिन शक्यतो टाळतात. कपाटातली जुनी पट्टी उघडू नका, एवढं पाळा.

19. पाण्यात तुरटी फिरवतो. पुरेसं आहे ना?

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी आधी तुरटीने किंवा कापडाने निवळून घ्या, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. उकळणं जमत नसेल तर मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण: थेंब किती ते बाटलीवर वाचून टाका, अर्धा तास झाकून ठेवा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं, म्हणून निवळण्याचा क्रम बदलू नका. वारीत, जत्रेत टँकरच्या पाण्यालाही हेच. पिण्याच्या पाण्यात हात बुडवून पेला काढायची सवय असेल तर वरचं सगळं फुकट, माठाला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.